शिबिरातील रात्र

गेल्या चातुर्मासात आपल्या मंदिरात भीष्मपर्वाचे निरूपण चालू असताना एके रात्री, आरती आटोपल्यावर, एक तरुण माझ्याजवळ येऊन बसला. तो सैन्यात शिपाई आहे. रजा मिळाल्याने इच्छापोरला आईवडिलांकडे आला होता. प्रसादाचा द्रोण हातात तसाच धरून त्याने विचारले, “काका, अर्जुनाचे ठीक आहे. त्याला प्रश्न पडला तेव्हा उत्तर देणारा सारथी समोरच बसला होता. पण त्या अठरा अक्षौहिणींतल्या साध्या शिपायाचे काय? पलीकडच्या सैन्यात त्याचाही भाऊ असेल, मामा असेल. रात्री शिबिरात परतल्यावर त्याने कोणाला विचारायचे?”

मी त्याला स्वधर्म आणि आज्ञापालन यांविषयी चार शब्द सांगितले. त्याने आदराने ऐकून घेतले, नमस्कार केला आणि तो निघून गेला. परंतु घरी आल्यावर माझ्या ध्यानात आले की, मी त्याच्या प्रश्नाला उत्तर दिले नव्हते. केवळ त्याला गप्प केले होते. आज्ञा ज्याची मानावयाची तो आणि आज्ञा ज्याच्याविरुद्ध पाळावयाची तो, हे दोघेही जेव्हा आपलेच असतात, तेव्हा आज्ञापालन हा शब्द फार पुरत नाही. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात घोळत राहिला आहे. तो सर्व सभासद कुटुंबांपुढे ठेवावा, एवढ्याचसाठी हा लेख.

परक्याशी होणारे युद्ध आणि स्वकीयांशी होणारे युद्ध यांत एक मोठा भेद आहे. परक्या शत्रूच्या छावणीतील बोलणे कानावर आले तरी बहुधा कळत नाही. गृहयुद्धात मात्र वारा पडला की पलीकडच्या तळावरचे भजन ऐकू येते, आणि ते आपल्याला पाठ असते. देव एक, भाषा एक, भाकरीचे पीठही एकाच शिवारातले. अशा स्थितीत समोरच्याला शत्रू समजण्यासाठी मनाला काही शिकवावे लागते. आणि हे शिक्षण रणांगणावर होत नाही. रणांगणावर विचाराला अवसरच नसतो. ते होते रात्री, शिबिरात, शेकोटीभोवती. म्हणून माझे असे मत झाले आहे की, स्वकीयांच्या युद्धात शिपायाची खरी कसोटी दिवसा लागत नाही, रात्री लागते.

महाभारतकारांनी हे फार बारकाईने पाहिले आहे. युद्धाच्या आरंभी दोन्ही पक्षांनी मिळून नियम ठरविले: शस्त्र टाकलेल्यावर, पाठ दाखविणाऱ्यावर, दुसऱ्याशी झुंजत असलेल्यावर प्रहार करावयाचा नाही. पहिल्या दिवशी, युद्धाला तोंड लागण्यापूर्वी, युधिष्ठिर कवच व शस्त्रे उतरवून पायी शत्रुसैन्यात गेला. भीष्म, द्रोण, कृप आणि शल्य यांना वंदन करून त्याने युद्धाची अनुज्ञा मागितली. युद्ध टळले नाही. परंतु हे युद्ध आपण कोणाशी करीत आहोत याचे विस्मरण होऊ द्यावयाचे नाही, एवढे त्याने दोन्हीकडच्या सैन्याला दाखवून दिले.

पुढे काय झाले ते आपण जाणतो. अभिमन्यूच्या वधात नियम मोडले, द्रोणाच्या वधात मोडले, दुर्योधनाच्या मांडीवर गदा पडली तेव्हाही मोडले. आणि शेवटी अधर्म रणांगण सोडून शिबिरात शिरला. सौप्तिकपर्वातील ती रात्र आठवावी. युद्ध संपलेले आहे. अश्वत्थामा झाडाखाली जागा आहे. निजलेल्या कावळ्यांना एक घुबड मारीत आहे, ते तो पाहतो आणि उठतो. त्या रात्री पाचही पांडव, श्रीकृष्ण आणि सात्यकी शिबिरात नव्हते. निजले होते द्रौपदीचे पुत्र, पांचाल वीर आणि असंख्य साधे सैनिक. अठरा दिवस जिवंत राहिलेली ती माणसे अंथरुणातच मारली गेली.

या कथेत माझे लक्ष अश्वत्थाम्यापेक्षा कृपाचार्यांकडे अधिक जाते. अश्वत्थामा क्रोधाने आंधळा झाला होता. कृपाचार्य आंधळे झाले नव्हते. निजलेल्यांना मारणे अधर्म आहे, रात्रभर झोप घे, सकाळी वडीलधाऱ्यांना विचारू, असे त्यांनी भाच्याला परोपरीने सांगितले. त्याने ऐकले नाही, तेव्हा तेही त्याच्या मागोमाग निघाले. शिबिरात ते गेले नाहीत. कृतवर्म्याबरोबर दाराशी उभे राहिले आणि जीव घेऊन बाहेर पळणाऱ्यांना त्यांनी मारले. ज्ञान होते, उपदेशही केला, आणि तरी ते दाराशी उभे राहिले. साध्या माणसाच्या हातून घडणारे पाप बहुधा असेच असते. त्याला ते पटलेले नसते. पण तो दाराशी उभा असतो.

हे झाले पुराणातले. आता आपल्या इतिहासाकडे वळू. कारण तो याच भूमीपर्यंत येऊन भिडतो. इच्छापोरला राहणारी आपली बहुतेक कुटुंबे खानदेशातून व महाराष्ट्राच्या इतर भागांतून पोटापाण्यासाठी इकडे आली. हजीऱ्याच्या रस्त्याने कामावर जाताना आपण कारखान्यांच्या चिमण्या पाहतो. परंतु पश्चिमेकडील त्या सुवाळीच्या किनाऱ्यावरच एके काळी इंग्रजांची गलबते नांगर टाकीत असत, आणि तापीपलीकडच्या सुरतेत मराठ्यांच्या घरच्या भांडणाचा एक दुःखद अध्याय लिहिला गेला. तो समजण्यासाठी प्रथम बारा-तेरा वर्षे मागे जावे लागेल.

पानिपत झाले १४ जानेवारी १७६१ रोजी. महाराष्ट्रात क्वचितच असे घर राहिले असेल, की जेथे सुतक आले नाही. त्याच वर्षी नानासाहेब पेशवे निवर्तले आणि सोळा वर्षांचे माधवराव गादीवर बसले. काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, यांचेही वय तेव्हा तीस नव्हते. पण पंजाबच्या स्वारीची कीर्ती त्यांच्या पाठीशी होती, आणि कारभार आपल्याच हाती असावा असे त्यांना वाटे. वाद विकोपाला गेला. दादा पुण्याहून निघाले, निजामाला मुलूख देण्याचे कबूल करून त्यांनी त्याचे साहाय्य मिळविले, आणि नोव्हेंबर १७६२ मध्ये काका-पुतण्यांच्या फौजा घोडनदीच्या परिसरात एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. पानिपताला तेव्हा दोन वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्या तळावरील एखाद्या तरुण स्वाराची कल्पना करावी. तो शिलेदार असेल तर घोडा त्याच्या घरचा. तो पडला तर घरची सारी पुंजीच पडली. बारगीर असेल तर घोडा सरकारी पागेतला. पहाटे उठून घोड्याला खरारा करावयाचा, चंदी द्यावयाची, वैरणीसाठी रानोमाळ हिंडावयाचे. संध्याकाळी राहुटीपुढे तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजावयाची. रात्री पाळीने चौकीपहारा. फौजेमागून चालणारा बाजार, बुणगे, बैल, पखाली यांचा कोलाहल रात्र चढेल तसा शांत होतो, आणि मग पलीकडे अर्ध्या कोसावरच्या शेकोट्या दिसू लागतात. त्या शेकोट्यांभोवतीही असेच स्वार बसलेले. पानिपतावर ज्याचा वडील भाऊ पडला तो या तळावर असेल, तर त्याच भावाबरोबर एका ताटात जेवलेला मित्र त्या तळावर. दिवसा दोन्हीकडून एकच गर्जना उठते: हर हर महादेव.

हा मुलगा कोणाला विचारणार? त्याच्या जमादाराला? जमादार म्हणेल, ज्याचे अन्न खातोस त्याची चाकरी कर. ते खोटेही नाही. युद्ध करावे की न करावे हे ठरविणे त्याच्या हाती नव्हते. ज्यांच्या हाती ते होते, ते माधवराव स्वतःच सतरा वर्षांचे होते. त्या छावणीत हाच प्रश्न पडलेला दुसरा एक मुलगा मोठ्या डेऱ्यात जागा होता, असे म्हटले तरी चालेल.

चकमकी झाल्या, आणि आपली बाजू उणी पडत आहे हे माधवरावांना दिसले. त्यांना पळून जाता आले असते. दादांप्रमाणे एखादा परका मित्रही शोधता आला असता. परंतु त्यांनी आळेगाव येथे थेट काकांच्या छावणीत जाऊन त्यांच्या स्वाधीन होण्याचे ठरविले. हे भांडण लांबले तर काका किंवा पुतण्या यांपैकी कोणीच जिंकणार नाही, जिंकेल तो निजाम, हे त्या कोवळ्या वयात त्यांना उमगले होते. पुढे काही काळ ते पेशवे असूनही नजरकैदेतच होते.

येथे आपण घाईने टाळ्या वाजवू नये. या शरणागतीची किंमत कोणी दिली? केवळ माधवरावांनी नव्हे. सत्ता हाती येताच दादांनी पुतण्याच्या पक्षातील लोकांवर रोष काढला. मिरजेवर चालून जाऊन त्यांनी ते ठाणे गोपाळराव पटवर्धनांकडून घेतले. तेव्हा तो निष्ठावंत सरदार उद्वेगाने निजामाच्या बाजूला गेला. त्याच १७६३ साली निजामाच्या फौजेने पुणे लुटले, जाळले. ज्यांनी धन्यासाठी शस्त्र धरले होते, त्यांना धनी शरण गेल्याचे फळ भोगावे लागले. स्वतःचे डोके नमविणे सोपे नाही हे खरे. परंतु आपल्या नमण्याने दुसऱ्याच्या मानेवर जू बसत असेल, तर त्या नमण्याला निर्भेळ पुण्य म्हणता येत नाही. माझ्या तरुण मित्राने हा आक्षेप घेतला असता, तर मी त्याला चूक म्हटले नसते.

तरीही संपूर्ण हकीगत पाहिली म्हणजे माधवरावांच्या वर्तनातील सूत्र हाती येते. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदाकाठी राक्षसभुवन येथे काका-पुतणे एका बाजूने निजामाशी लढले. दादा शत्रूच्या वेढ्यात सापडले असता पुतण्यानेच धावून जाऊन त्यांना सोडविले. ज्याने आपल्याला चौकीत ठेवले त्याला सोडविण्यासाठी जीव धोक्यात घालणारा तो अठरा वर्षांचा मुलगा आळेगावला भ्यालेला नव्हता, हे त्या दिवशी सर्वांना कळले. आणि हेच माधवराव पुढे, १७६८ साली, दादांनी पुन्हा बंड उभारले तेव्हा धोडपच्या किल्ल्यावर चालून गेले. या वेळी ते शरण गेले नाहीत. त्यांनी काकांचा पराभव केला, त्यांना पकडून पुण्यास आणले आणि शनिवारवाड्यात नजरेखाली ठेवले.

आळेगावचे माधवराव आणि धोडपचे माधवराव यांत विसंगती आहे काय? मला तसे वाटत नाही. आळेगावला त्यांनी सोडले ते स्वतःचे होते: अधिकार, मान, मोकळीक. त्याचा दुसऱ्यांना त्रास होईल, हे सारे त्यांना तेव्हा दिसले असेल असे नाही. मिरज आणि पुणे यांनी ते त्यांना शिकविले असावे. धोडपला प्रश्न त्यांच्या मानाचा उरला नव्हता, राज्यातील रयतेचा आणि चाकरमान्यांचा झाला होता. ते सोडून देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. स्वतःचे ते सोडता येते, दुसऱ्याचे ते सोडता येत नाही. मात्र लढून जिंकल्यावरही त्यांनी एक गोष्ट जपली: काकांच्या जिवाला हात लावला नाही. पराभूत झाला तरी तो माणूस काकाच राहिला.

आता सुरतेकडे येऊ. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला गणपतीच्या सान्निध्यात वारले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी त्यांचे धाकटे बंधू नारायणराव शनिवारवाड्यात गारद्यांच्या हातून मारले गेले, आणि रामशास्त्र्यांनी त्या खुनाचा ठपका राघोबादादांवर ठेवला. बारभाईंनी दादांविरुद्ध आघाडी उभारली. दादांपुढे दोन वाटा होत्या. एक वाट आळेगावची होती. ती त्यांनी दुसऱ्याच्या पायांनी तुडविलेली पाहिली होती. त्यांनी दुसरी धरली आणि ते इंग्रजांकडे गेले.

मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. साष्टी आणि वसई द्यावी, सुरत व भरूच यांच्या उत्पन्नातील हिस्सा द्यावा, आणि त्या बदल्यात इंग्रजांनी २,५०० सैनिकांची फौज दादांच्या खर्चाने पुरवावी, असे ठरले. तहाची शाई वाळण्याचीच काय, ती लावण्याचीही वाट इंग्रजांनी पाहिली नव्हती; डिसेंबर १७७४ मध्येच त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला होता. घरच्या भांडणात बोलाविलेला पाहुणा जेवणाचे आमंत्रण येण्यापूर्वीच पाटावर बसतो, तो असा.

१८ मे १७७५ रोजी महीच्या उत्तरेस, आजच्या आणंद जिल्ह्यातील अडास येथे लढाई झाली. एका बाजूस हरिपंत फडक्यांची फौज, दुसऱ्या बाजूस कर्नल कीटिंगच्या पलटणी आणि दादांचे मराठे स्वार. या दुसऱ्या छावणीतील तरुण शिलेदाराच्या मनात त्या रात्री काय आले असेल? तोही म्हणत असेल, मी धन्याचे अन्न खातो, चाकरी करतो. घोडनदीच्या स्वाराहून त्याची भाषा निराळी नव्हती. परंतु आता त्याच्या शेजारी तिसऱ्याच्या तोफा होत्या, आणि त्या तोफांचे तोंड उद्या कोठे वळेल हे त्याचा धनीही सांगू शकत नव्हता. हे युद्ध मध्ये खंड पडत १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले. शेवटी दादांना गादी मिळाली नाही. पेन्शन घेऊन ते कोपरगावी राहिले. वसई परत आली, साष्टी इंग्रजांकडेच राहिली. मेले ते बहुतांशी आपलेच.

दादांना केवळ दुष्ट ठरवून आपण मोकळे होऊ नये. ते शूर होते. आणि आपल्यावर अन्याय झाला आहे असे त्यांना मनापासून वाटत होते. अन्याय झाला आहे अशी ज्याची खात्री असते, त्यालाच तिसऱ्याचा दरवाजा ठोठावण्याचा मोह सर्वांत अधिक होतो. वडिलोपार्जित चार बिघे जमिनीसाठी भाऊबंदकीत उभे राहणारे आपणही याच मोहाच्या उंबरठ्यावर असतो. गावच्या पारावर मिटणारा तंटा आपण अशा माणसाच्या हाती देतो, की ज्याचे पोट तो तंटा न मिटण्यावर भरते. न्यायासाठी कोर्टात जाणे गैर आहे असे मी म्हणत नाही. कधी ते करावेच लागते, जसे धोडपला जावे लागले. पण जाण्यापूर्वी एकदा तरी, शस्त्र बाहेर ठेवून, भावाच्या ओसरीवर आपण गेलो होतो काय? युधिष्ठिर गेला होता. माधवराव गेले होते.

आता त्या तरुणाच्या मूळ प्रश्नाकडे परत येतो. साधा शिपाई ना युधिष्ठिर असतो ना पेशवा. त्याच्या जाण्याने युद्ध थांबत नाही, न जाण्याने टळत नाही. मग त्याच्या हाती काय उरते?

माझे उत्तर असे की, त्याच्या हाती रात्र उरते. शेकोटीभोवती पलीकडच्यांविषयी जे बोलले जाते त्यात आपली जीभ मिसळावयाची की नाही, हे त्याच्या हाती आहे. ते माणसेच नव्हेत, असे कोणी म्हणू लागला तर, माझा मामा तिकडे आहे, एवढे एक वाक्य बोलणे त्याच्या हाती आहे. जखमी होऊन पडलेल्याला पाणी द्यावयाचे की लाथ मारावयाची, हाती सापडलेल्याला कसे वागवावयाचे, हे बहुतेक वेळा सेनापती पाहत नसतो, शिपाईच पाहत असतो. जगातील राष्ट्रांनाही दोन महायुद्धांनंतर हेच लिहून ठेवावे लागले. १९४९ च्या जिनिव्हा करारांतील तिसरे कलम नेमके एकाच देशातील अंतर्गत युद्धाविषयी आहे: ज्याने शस्त्र खाली ठेवले, जो जखमी वा आजारी आहे, जो कैदेत आहे, त्याला माणुसकीने वागविले पाहिजे. भारताने ते करार १९५० साली स्वीकारले. कुरुक्षेत्रावर युद्धापूर्वी ठरलेल्या नियमांची ज्याला ओळख आहे त्याला या कलमात काही परके वाटणार नाही.

आणि या सर्वांहून कठीण असे एक. कधी अशी रात्र येते, की एखादा अश्वत्थामा मशाल घेऊन उठतो आणि म्हणतो, चला. त्या वेळी आत न जाणे पुरेसे नाही. कृपाचार्यही आत गेले नव्हते. उपदेश करणेही पुरेसे नाही. तो त्यांनी उत्तम केला होता. दाराशी उभे न राहणे, एवढेच शिपायाला करता येते, आणि ते करावयास धैर्य लागते. कारण त्या क्षणी त्याला भेकड म्हणणारे त्याचेच सोबती असतात. आळेगावी गेलेल्या माधवरावांनाही त्या दिवशी कोणी शूर म्हटले नसेल.

मला ठाऊक आहे की, हे उत्तर पूर्ण नाही. ज्या शिपायाने हे सारे पाळले त्याच्याही हातून उद्या सकाळी रणांगणावर त्याचा मामा पडू शकतो. त्याचे दुःख कोणत्याही विचाराने हलके होत नाही. युद्ध जिंकल्यावर युधिष्ठिराचेही झाले नाही. धर्म त्याला त्या दुःखातून सोडवीत नाही. मामा पडला तर त्याच्यासाठी रडण्याचा अधिकार मात्र तो राखून ठेवतो. ज्याने आदल्या रात्री त्याला माणूस मानणे सोडले, त्याला दुसऱ्या दिवशी रडताही येत नाही.

तो तरुण रजा संपवून आपल्या ठाण्यावर परत गेला आहे. हा अंक त्याचे वडील त्याला टपालाने पाठविणार आहेत. ईश्वरकृपेने आपल्या देशात त्याच्यावर असा प्रसंग कधी येऊ नये, हीच प्रार्थना. परंतु पहाऱ्याची रात्र प्रत्येक शिपायाच्या वाट्याला येते, आणि भाऊबंदकीची आपल्यापैकी प्रत्येकाच्या. त्या रात्री पलीकडे दिसणारी शेकोटी कोणाची आहे, याचे स्मरण त्याला आणि आपल्यालाही राहो.